एलईडी बल्ब लवकर का उडतो? बदलून मागण्याआधी एवढं वाचा

खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात. रोज पाच तास धरले तर हिशोब तेरा वर्षांच्या पुढे जातो, आणि बल्ब मात्र पुढच्या दिवाळीआधीच मान टाकतो. कधी माल खरंच हलका असतो, ते आम्ही नाकारत नाही. पण एकाच होल्डरमधला बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल, तर तिसरा बल्ब घेण्याआधी ती जागा आणि तिथली वायरिंग बघा.

बल्बमधले पिवळे दाणे प्रकाश देतात. त्यांच्यामागे ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. ते २३० व्होल्टच्या एसीचं दाण्यांना चालेल असं डीसी करतं. बहुतेक वेळा आधी जातो तो ड्रायव्हरच. त्यातल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेनं सुकत जातो. ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. दाणेही तापून जळतात. ते सहसा एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका दाण्यावर काळा ठिपका पडला तरी अख्खा बल्ब बंद होऊ शकतो.

जुन्या तारेच्या बल्बला गरमीचं काही वाटत नसे. एलईडीला वाटतं. त्यात आपलं सोलापूर! मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे घट्ट बंद काचेच्या ग्लोबमध्ये १२ वॉटचा बल्ब कोंडला तर तो किती दिवस काढणार? बंद ग्लोबमध्ये ५ किंवा ७ वॉटचाच लावा, नाहीतर उघडी फिटिंग घ्या. आमची विक्री कमी झाली तरी सल्ला हाच.

दुसरं कारण व्होल्टेज. शेजारी माग असतील तर मोटारी चालू-बंद होताना लाइनवर झटके येतात. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की आणखी मोठे. स्वस्त बल्बमध्ये हे झटके अडवणारा भाग बहुधा नसतोच.

यात खरा धोका लूज न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणारी तार सैल होण्याचा. मिक्सर लावला की एका खोलीतला दिवा मंद आणि दुसरीतला भगभगीत होत असेल, तर न्यूट्रल सैल असू शकतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला तर काही खोल्यांत ३०० व्होल्टच्याही वर दाब जातो. मग बल्बच काय, टीव्ही-फ्रीजही जातात. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका. शेजाऱ्यांकडेही तसंच होत असेल तर महावितरणला कळवा.

पिनच्या जुन्या होल्डरमधली स्प्रिंग ढिली पडते, आत ठिणगी उडते. चर्र आवाज आला किंवा पिना काळ्या दिसल्या की होल्डर बदला, त्याला फार खर्च येत नाही. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, साधा एलईडी लावू नका. स्विच बंद करूनही बल्ब मिणमिणत असेल तर स्विच न्यूट्रलवर जोडलेला आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. इंडिकेटरवाल्या स्विचमुळेही तसं होतं.

बल्ब घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि नोंदणी क्रमांक बघूनच घ्या.

वॉरंटीसाठी बल्ब न उघडता, बिलासह आणा. तो कोणत्या खोलीत, कसल्या फिटिंगमध्ये होता, तेही सांगा.