जादा वाय गुणसूत्र म्हणजे जन्मजात गुन्हेगार?

'एक्सवायवाय' गुणसूत्रांचा, म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या एक्स आणि वाय या लिंग-गुणसूत्रांसोबत एक वाय जादा असलेला, पुरुष जन्मतःच हिंसक असतो, हा समज अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

सुरुवात 1965 सालची. स्कॉटलंडमधल्या कडक बंदोबस्ताच्या एका मनोरुग्णालयातल्या सुमारे 200 पुरुषांपैकी 7 जण एक्सवायवाय निघाले. पण तपासले कोण? आधीच बंदिस्त असलेले! बाहेर निर्धोक जगणारे एक्सवायवाय पुरुष मोजलेच नव्हते. पुढे शिकागोत आठ तरुणींचे खून करणारा रिचर्ड स्पेक एक्सवायवाय असल्याच्या बातम्या गाजल्या. तपासणीत त्याची गुणसूत्रं नेहमीचीच, एक्सवाय निघाली. बातमी मात्र लोकांच्या डोक्यातून गेली नाही.

1976 साली डेन्मार्कमधल्या अभ्यासात 4,139 उंच पुरुष तपासले गेले. त्यांत 12 जण एक्सवायवाय होते. शिक्षा झालेल्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं, हे लपवायचं कारण नाही. पण गुन्हे बहुतेक किरकोळ होते आणि हिंसेकडे विशेष कल दिसला नाही. संशोधकांना शिक्षेच्या या जादा प्रमाणाचा संबंध कमी बौद्धिक क्षमतेशी जोडता आला, आक्रमकतेशी नाही.

साधारण हजार मुलग्यांमागे एक असा जन्मतो. बहुतेकांना आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही. अशा मुलाकडे संशयाने पाहणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.