जर्मन अध्यापन, शालेय (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी मुलांची जर्मन ही बहुधा चौथी-पाचवी भाषा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी आधीच झालेली असते. ‘ए१’ या पहिल्या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरतात. आठवड्याला दोन तासिका घेतल्या तर वर्षात साठेकच भरतात, तेव्हा एका वर्षात ए१ उरकण्याचा हट्ट धरू नये. शालेय वयोगटासाठी ग्योटे संस्थेची (जर्मन भाषा-संस्कृतीची संस्था) ‘फिट इन डॉइच १’ ही परीक्षा असून उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात. पुणे आणि बंगळूर येथील मॅक्सम्युलर भवने ही याच संस्थेची केंद्रे.

व्याकरण इंग्रजीतून समजावण्याची सवय येथे नुकसान करते. डेर, डी, डास या अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी उपपदांना (नामाआधी येणाऱ्या शब्दांना) मराठी मूल बिचकत नाही, कारण तो-ती-ते त्याच्या तोंडी असते. घोटाळा होतो तो मराठी लिंग तसेच उचलल्याने : चमचा डेर (लोफेल), पण काटा डी (गाबेल) आणि सुरी डास (मेसर). कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असल्याने कन्नड घरातली मुले सरसकट डास लावतात. म्हणून फळ्यावर नाम उपपदासहितच लिहावे, तिन्ही लिंगांना निळा, लाल, हिरवा असे खडू ठरवून.

सर्वांत चिवट चूक ‘हाबेन’ (जवळ असणे) या क्रियापदाची. ‘माझ्याकडे पेन्सिल आहे’ यात पेन्सिल कर्ता. जर्मनमध्ये ती कर्म होते आणि पुल्लिंगी असल्याने द्वितीया घेते : ‘इश हाबे आइनन ब्लाइश्टिफ्ट’. मुले ‘आइन’ (एक) या प्रथमेच्या रूपावरच थांबतात. नियम पाठ करून हे सुटत नाही. दप्तरातील वस्तू एकेक काढून वाक्य वदवून घ्यावे लागते. उलट ‘मला थंडी वाजते’मधला ‘मला’ ‘मिर इस्ट काल्ट’मध्ये आयताच मिळतो, आणि ‘वाइल एर क्रांक इस्ट’ म्हणजे शब्दक्रमानेही ‘कारण तो आजारी आहे’. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येते, ते वेगळे घोटवावे.

उच्चारात ‘झेड’ अक्षर म्हणजे चाकातला च. इंग्रजीच्या सवयीने मुले ‘झेन’ वाचतात, तिथे ‘चाक’ म्हणायला लावले की दहाचा ‘त्सेन’ लगेच येतो. ‘यू’वर दोन टिंबे आली की ओठ ऊसारखे गोल ठेवून ई म्हणावी. आकड्यांत एकवीसप्रमाणेच एकक आधी येतो (आइनउंटत्स्वान्त्सिश), तरीही श्रुतलेखनात ४५ चे ५४ होतात : ऐकलेला पहिला आकडा मुले आधी लिहून मोकळी होतात.