पगार घेणारा ड्रायव्हर आणि पैसे मोजणारा ड्रायव्हर

जूनच्या मध्यावर मालवणात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे तांडेलकाकांना वेळच वेळ. त्याच दिवसांत एका शनिवारी, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झाले की फ्रान्समध्ये ल माँची २४ तासांची शर्यत सुटते. लाइट गेली नाही तर मी मोबाइलवर बघतो. मागच्या खेपेला काका शेजारी येऊन बसले. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवतात, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या तिघांतलो मालक कोण रे?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. तिघांचं हेल्मेट सारखं, अंगातला आगरोधक सूट सारखा. पण एकाला चालवायचे पैसे मिळतात आणि दुसरा चालवायला मिळावं म्हणून पैसे देतो. पहिला व्यावसायिक, दुसऱ्याला तिकडे 'जंटलमन ड्रायव्हर' म्हणतात. आपल्या भाषेत पहिला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आणि दुसरा हौसेने सुकाणू धरणारा नाखवा, म्हणजे होडीचा मालक.

१९७९ सालची एक गाडी याचा नमुनाच आहे. पोर्शे ९३५, एकूण क्रमांक दुसरा. तिच्यात रोल्फ श्टोमेलन हा फॉर्म्युला वनमध्ये धावलेला पक्का तांडेल, डिक बार्बर हा संघाचा मालक आणि तिसरा हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, वय ५४. बाहेरून पाहणाऱ्याला हे तिघे वेगळे ओळखू येणं कठीण.

आता निदान कागदावर तरी ओळखता येतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, ड्रायव्हरांना चार श्रेणी देतो: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. नाखवे बहुतेक ब्राँझमध्ये. सर्वांत वरच्या हायपरकार गटात ब्राँझला जागा नाही. उलट रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या एलएमजीटी३ गटात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ असलाच पाहिजे. त्याला नुसतं फोटोपुरतं बसवूनही भागत नाही, किमान ठरलेला वेळ त्याने चालवावंच लागतं. पण एकट्या तांडेलावरही सगळा भार टाकता येत नाही. कोणीही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, असा नियम आहे.

व्यावसायिकाची वाट बहुधा लहानपणी गो-कार्टवर सुरू होते. मग छोट्या फॉर्म्युला गाड्या. तिथे घरचे पैसे संपतात किंवा फॉर्म्युला वनचं दार बंद होतं आणि तो इकडे वळतो. आपला भारतीय ड्रायव्हर करुण चंढोक फॉर्म्युला वननंतर २०१२मध्ये ल माँला उतरला आणि त्याची गाडी सहावी आली. नशीब असेल तर गाड्या बनवणाऱ्या कंपनीची नोकरी लागते. मग कंपनी सांगेल त्या संघाच्या गाडीत बसायचं. तिथे स्वतः वेगाने चालवणं हे अर्धंच काम. ब्राँझवाल्याला कुठे ब्रेक दाबायचा हे शिकवायचं, दोघांच्या फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवून त्याला दाखवायचे आणि त्याचा मानही राखायचा. पगार कुठून येतो हे दोघांनाही ठाऊक असतं. मला विचाराल तर या धंद्यातलं सर्वांत अवघड कसब हेच.

सगळ्यात गंमत सिल्व्हरची. काही गटांत नियमानुसार गाडीत खालच्या श्रेणीचा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे कागदावर सिल्व्हर पण प्रत्यक्षात गोल्डसारखा पळणारा पोरगा सगळ्यांना हवा असतो. तो जिंकत राहिला की श्रेणी वाढते, आणि वाढली की तीच जागा हातची जाते. बढती मिळाली म्हणून नोकरी गेली, असं दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत असेल?

नाखव्याची वाट उलटी. आधी धंदा, मग तिशी-चाळिशीत हौस. पण हौशी म्हणजे कच्चा असं नाही. टेक्ससमध्ये गाड्यांच्या शोरूम चालवणारा बेन कीटिंग २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा ल माँला आपल्या गटात जिंकला, तेही वेगवेगळ्या संघांतून. २०२३ला त्याच्यासोबत निकी कॅट्सबर्ग हा मुरलेला तांडेल आणि निको व्हारोने हा तरुण सिल्व्हर होता. सगळे गट एकाच ट्रॅकवर एकत्र धावतात, त्यामुळे हाच नाखवा वाटेत आडवा आला तर मागून येणाऱ्या हायपरकारवाल्याची जी चिडचिड होते ती वेगळी.

काकांना हे सगळं सांगून होईपर्यंत तिकडे पाऊस सुरू झाला होता. इथे तर होताच. एक गाडी वाळूत रुतली.

"ती तुझ्या त्या नाखव्यान घातल्यान?"

"बहुतेक."

"मगे दुरुस्तीचो खर्च कोणाचो?"

"फिरून त्याच्याच खिशातून."

काकांनी बिडी विझवली. "मगे चालवूंदे तेका."