फ्रॅक्टल उठावचित्रण

फ्रॅक्टलच्या, म्हणजे कितीही मोठी करून पाहिली तरी नवे बारकावे दाखवणाऱ्या आकृतीच्या, सपाट चित्रातील प्रत्येक बिंदूला उंची देऊन त्याचा त्रिमितीय देखावा संगणकावर तयार करण्याची रीत. ‘हाइटफील्ड’ हे तिचे रूढ नाव. चित्र जणू वरून पाहिलेला नकाशा आहे असे मानून सॉफ्टवेअर त्यावरून डोंगरदऱ्या उभारते, एका बाजूने प्रकाश टाकते आणि छाया काढते.

‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा गणितज्ञ बन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘तुटलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडवली. उठावचित्रणासाठी सर्वाधिक वापरला जाणारा मँडेलब्रॉट संच त्यांच्याच नावाचा असला, तरी त्याचे पहिले चित्र कोणाचे याबद्दल एकमत नाही. रॉबर्ट ब्रूक्स व पीटर माटेल्स्की यांनी १९७८ च्या सुमारास ताऱ्यांच्या चिन्हांनी छापलेली ढोबळ आकृती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली; मँडेलब्रॉट यांची चित्रे १९८० मधील, आयबीएमच्या संशोधनकेंद्रातली. कालक्रम पाहता पहिला मान ब्रूक्स-माटेल्स्की यांना देणे योग्य वाटते. उठावचित्रणाच्या दृष्टीने मात्र आद्रिएँ दुआदी व जॉन हबर्ड यांचे १९८२ च्या सुमाराचे काम अधिक महत्त्वाचे ठरते. संच विजेने भारित केलेला वाहक आहे असे कल्पून त्याच्याभोवतीच्या विभवाचा (इंग्रजीत पोटेन्शियल, जुन्या परिभाषेत वर्चस) त्यांनी अभ्यास केला. उंची म्हणून वापरायला हे विभव सोयीचे आहे.

कारण असे : चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे एक संमिश्र संख्या, आणि तोच त्या बिंदूचा स्थिरांक. शून्यापासून सुरुवात करून संख्येचा वर्ग करायचा, त्यात हा स्थिरांक मिळवायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करायचा, असे करत राहिल्यावर संचाबाहेरच्या बिंदूसाठी ते उत्तर कधी ना कधी २ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर निसटते. किती आवर्तनांनी निसटले त्यावर रंग ठरतो. हीच आवर्तनसंख्या उंची मानली, तर दोन दोष येतात. ती पूर्णांक असल्याने उतारावर घाटाच्या पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. आणि सीमेजवळ ती अमर्याद वाढत असल्याने संचाभोवती सुयांचे कुंपण उभे राहते. विभव याउलट सलग बदलते व सीमेशी शून्याकडे जाते, म्हणून संच शांत तळ्यासारखा दिसतो. पण तळ्याकाठचे उठाव अगदीच बुटके राहतात. ते नजरेत भरावेत म्हणून वर्गमूळ किंवा लॉगरिथम घेऊन उंची फुगवतात. सीमेपासूनच्या अंतराचा अंदाज ही तिसरी पद्धत. तो अंदाज खऱ्या अंतराच्या ठरावीक पटीच्या आतच राहतो, आणि बारीक तंतू त्यात सर्वात स्वच्छ उमटतात.

तयार चित्रावरून उंची काढणे ही कमअस्सल वाट. जिफ चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग असतात, म्हणजे उंचीचेही तेवढेच टप्पे. १६ बिटांच्या नोंदीत ते ६५,५३६ होतात. शिवाय रंगाचा क्रमांक म्हणजे तेजस्विता नव्हे. रंगपट बदलला की गणित तेच राहूनही डोंगराच्या जागी खड्डा येतो. जेपेग चित्रातील आकुंचनाचे चौकोन तर जमिनीवर फोडांसारखे उठतात. म्हणून चित्र न वापरता मूळ संख्याच जपून ठेवाव्यात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या फ्रॅक्टिंट या मोफत प्रोग्रॅमने सलग विभवाची सोय आणि लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचे त्रिमितीय चित्र दोन्ही दिले होते. पोव्हरे या किरणमार्गी (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणाऱ्या) प्रोग्रॅममध्येही उंचीनकाशाची सोय आहे.

उठावचित्रणात एका जागेवर एकच उंची असते, त्यामुळे गुहा किंवा पुढे आलेले कडे त्यात येत नाहीत. डॅनियल व्हाइट व पॉल नायलँडर यांनी २००९ मध्ये मांडलेला मँडेलबल्ब आणि टॉम लो यांचा २०१० चा मँडेलबॉक्स हे फ्रॅक्टल मुळातच त्रिमितीय आहेत. सपाट चित्र फुगवून ते होत नाहीत. दोन्ही प्रकारांना सरसकट ‘थ्रीडी फ्रॅक्टल’ म्हणण्याची चाल गोंधळाची आहे.

सपाट नक्षीला उंची देण्याचे काम सोलापूरच्या मागांना नवे नाही. येथील चादर व टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या आलेखात एक चौकोन म्हणजे ताणा-बाण्याचा एक छेद. कार्डाला छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. हे दोनच उंचींचे हाइटफील्ड म्हणता येईल. टेरीत तर नक्षी सुताच्या फाशांनी खरोखर वर उठते, बोटाला लागते. मात्र फ्रॅक्टल अशा आलेखावर बसवताना सगळ्या पातळ्या दोन-तीनांत दाबाव्या लागतात, आणि नक्षीची कड पुढच्या आवृत्तीशी जुळावी म्हणून मूळ आकृती कुठेतरी कापावी लागते. पडद्यावर कितीही आत जाता येते. मागावर सुताच्या जाडीपाशी आकृती संपते.