जमीन आरोग्य पत्रिका: नमुना कसा घ्यायचा, कुठे द्यायचा आणि कार्ड कसं वाचायचं

एकरी उतारा गेल्या काही वर्षांत तसाच राहिला, पण तो मिळवायला युरियाची एक गोणी जास्त लागू लागली, तर ते पीक जमिनीच्या मुद्दलातून येतंय असं समजावं. उतारा आपण क्विंटलात मोजतो, खर्च रुपयांत मोजतो. मुद्दल किती उरलंय हे मोजायचं जे एक साधन प्रत्येक शेतकऱ्याला मिळू शकतं, ते म्हणजे जमीन आरोग्य पत्रिका. ती कोणाला मिळते, कागद कोणते लागतात, नमुना कसा घ्यावा आणि हातात आलेल्या कार्डाचं करायचं काय, हे इथे सविस्तर सांगतो. सगळ्यात जास्त जागा नमुन्याला दिली आहे. कारण नमुना चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, आणि ती चूक प्रयोगशाळेत कोणाच्या लक्षात येत नाही.

योजना आणि पात्रता

केंद्र सरकारने ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड इथे सुरू केली. आता ती राष्ट्रीय कृषी विकास योजनेत ‘मृद आरोग्य व सुपीकता’ या घटकाखाली चालते. राबवण्याचं काम राज्याच्या कृषी विभागाकडे आहे.

पात्रतेची अट फार सोपी आहे. जमीन कसणारा कोणीही शेतकरी पात्र आहे. अल्पभूधारक, मोठा खातेदार, जिरायत, बागायत असा भेद नाही आणि उत्पन्नाची मर्यादाही नाही. सामायिक सातबारा असेल तर प्रत्येकाने आपापल्या वहिवाटीच्या तुकड्याचा वेगळा नमुना द्यावा. बटईने किंवा खंडाने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पण शुल्क भरून माती तपासून घ्यायला त्याची अडचण येत नाही. माझ्या मते त्यानेच ती आधी तपासावी, कारण खताचा खर्च त्याच्या खिशातून जातो.

माती तपासायचे दोन रस्ते आहेत. पहिला योजनेतला: त्या वर्षी तुमचं गाव निवडलं गेलं असेल तर कृषी सहायक, म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, शेतावर येऊन नमुना घेतात, मोबाइल अॅपवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतात आणि कार्ड मोफत मिळतं. दुसरा रस्ता स्वतःहून नमुना नेण्याचा. जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा, जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा ठरलेलं शुल्क घेऊन माती तपासून देतात. ऊसपट्ट्यात काही साखर कारखान्यांच्याही प्रयोगशाळा आहेत.

मोफत कार्डाबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. योजनेच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये नमुने शेतागणिक घेतले नव्हते, चौकटीगणिक घेतले होते. बागायतात अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतात दहा हेक्टरला एक. त्या चौकटीत येणाऱ्या सगळ्यांच्या कार्डावर तेच आकडे. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, त्यात वरची मुरमाड माळजमीन आणि खालची ओढ्याकाठची काळी दोन्ही असू शकतात. तेव्हा घरात जुनं कार्ड असेल तर ते आपल्याच शेतातल्या मातीवरून झालं होतं का, हे आधी विचारून घ्या. खात्री नसेल तर स्वतःचा नमुना द्या. लागणारे थोडे पैसे एका गोणीच्या खर्चात सहज भरून निघतात.

कागदपत्रं

आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर आणि चालू सातबारा, म्हणजे गट नंबर बरोबर लिहिला जातो. आठ-अ जवळ असलेला बरा. फोटो, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, यातलं काही माती तपासायला लागत नाही. ही अनुदानाची योजना नाही, त्यामुळे खात्यावर पैसे येणार असं सांगून कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पुढे कृषी विभागाच्या इतर योजनांसाठी अर्ज करायचा असेल तर अॅग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. महाराष्ट्रात त्यासाठी तो लागतो.

नमुना

योग्य वेळ म्हणजे रब्बी निघाल्यानंतर, खरिपाच्या नांगरटीआधी, एप्रिल-मे महिन्यात. उभ्या पिकात किंवा खत टाकल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत नमुना घेऊ नये. घेतला तर कार्डावर जमिनीची सुपीकता दिसणार नाही, तुम्ही नुकतंच टाकलेलं खत दिसेल.

आधी शेत फिरून बघा. रंग, उतार, खोली किंवा आजवरचं पीक वेगळं असेल तर तेवढे भाग वेगळे धरा आणि प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याची, जनावरं बांधायची आणि पाटाच्या कडेची जागा टाळा. उरलेल्या भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. तिथला पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घ्या. ज्वारी, गहू, सोयाबीन अशा पिकांसाठी तो १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा, कापूस आणि उसासाठी ३० सेंटिमीटर. खड्ड्यातली सुटी माती काढून टाका आणि मग खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीचा सारखा थर खुरप्याने कापून घमेल्यात घ्या. वरची चार बोटं माती खरडून भरली तर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत आलेला कार्बन) आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि शेतकरी उगाच निर्धास्त होतो. फळबागेत वेगवेगळ्या खोलीचे थर वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावे लागतात, एकत्र करायचे नाहीत.

जमलेली माती स्वच्छ गोणपाटावर सावलीत पसरा. ढेकळं फोडा, खडे आणि मुळ्या वेचून काढा. नीट मिसळून तिचा गोल ढीग करा आणि हाताने अधिक चिन्ह काढून चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले दोन परत मिसळा, परत चार भाग करा. साधारण अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहायचं. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि कंटाळाही येतो, पण आठ-दहा खड्ड्यांची माती अर्ध्या किलोत सारख्या प्रमाणात येते ती यामुळेच. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं आणि लोखंडी घमेलं वापरू नका, लोहाचा आकडा बिघडतो. खताच्या रिकाम्या गोणीत माती वाळवणं किंवा भरणं हे तर अजिबात नको.

कापडी पिशवीत चिठ्ठी टाका आणि ती पेन्सिलीने लिहा, ओलसर मातीत शाई फुटते. चिठ्ठीवर नाव, गाव, तालुका, गट नंबर, मोबाइल, नमुन्याची तारीख आणि खोली, ओलिताची सोय, मागचं पीक आणि पुढे घ्यायचं पीक लिहा. पुढचं पीक लिहायचं विसरू नका, खताची शिफारस त्यावरूनच निघते. एक चिठ्ठी आत, तीच माहिती असलेली दुसरी पिशवीच्या तोंडाला. नमुना दिल्यावर नमुना क्रमांक असलेली पावती मागून घ्या. कार्ड तयार झालं की केंद्राच्या सॉइल हेल्थ कार्ड पोर्टलवरूनही ते काढता येतं.

कार्डावरचे बारा आकडे

कार्डावर सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन अशा बारा गोष्टी असतात. बहुतेकजण थेट नत्र-स्फुरद-पालाशकडे जातात. माझा आग्रह आहे की पहिल्या तीन ओळी आधी वाचाव्यात.

सामू ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला नीट मिळतात. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत तो आठच्या पुढे असणं नेहमीचं आहे, आणि तिथे जस्त आणि लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट, पाणी न मुरणारी) होऊ लागली आहे असं समजा आणि जिप्समबद्दल विचारा. कोकणात आणि गोव्यात जांभ्या मातीत सामू उलट खाली असतो. क्षारता एकच्या (डेसीसायमन प्रति मीटर) आत हवी. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात पाणी आणि खत दोन्ही अती झाल्याने चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या शेतकऱ्याने ही ओळ दर फेरीला तपासायलाच हवी.

तिसरी ओळ सेंद्रिय कर्बाची. राज्यात वापरल्या जाणाऱ्या सहा पायऱ्यांच्या वर्गवारीत ०.२० टक्क्यांखाली अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम धरतात. आकडा दिसायला छोटा आहे. वजनात बघा: एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २२ लाख ४० हजार किलो भरतो. म्हणजे ०.१ टक्का कर्ब वाढवायचा तर हेक्टरी २,२४० किलो कर्ब जमिनीत टिकून राहिला पाहिजे, आणि टाकलेल्या शेणखतातला मोठा भाग आपल्या उन्हात कुजून हवेत जातो. त्यामुळे एका हंगामात कर्ब वाढवून देतो म्हणणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. पाचट न जाळणं, धैंचा-ताग गाडणं, फेरपालटात कडधान्य घेणं, हे दरवर्षी केल्यावर तो आकडा हलतो.

शिफारस गोण्यांत कशी बदलायची

कार्डावर पिकाप्रमाणे खताच्या मात्रा आणि खतांचे पर्याय दिलेले असतात. तरी हिशेब स्वतःला यावा. समजा ओलिताचा गहू आहे, ज्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी आहे. कार्डात नत्र ‘कमी’, स्फुरद ‘मध्यम’ आणि पालाश ‘जास्त’ निघालं. आपल्याकडे ‘कमी’ला मात्रा २५ टक्के वाढवतात, ‘मध्यम’ला तशीच ठेवतात, ‘जास्त’ला २५ टक्के घटवतात. म्हणजे झाले १५०, ६० आणि ३०. एकरावर आणलं तर डीएपीची ५० किलोची साधारण एक गोणी, युरियाच्या ४५ किलोच्या अडीच गोण्या आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया एकदम न टाकता विभागून द्यायचा.

आता सवयीचा डोस बघा. पेरताना एकरी दोन गोण्या १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) टाकल्या तर स्फुरद २६ किलो जातं, जे गरजेच्या जवळपास आहे, पण पालाशही २६ किलो जातं. या जमिनीला हवं होतं एकरी १२ किलो. दुपटीहून जास्त पालाशचे पैसे गेले. स्फुरदाचंही असंच आहे. ते वर्षानुवर्षं जास्त पडलं की जस्त पिकाला मिळेनासं होतं आणि शेतकरी जस्ताच्या फवारणीवर वेगळा खर्च करतो.

कार्ड खत कमी करायलाच सांगतं असंही नाही. वरच्या उदाहरणात नत्र वाढलंच आहे. पण ते हेक्टरी वाढीव ३० किलो सगळं युरियातून द्यायची गरज नाही. शेणखत, गांडूळखत आणि आधीच्या हरभऱ्याचा बेवड (मागच्या पिकाने जमिनीत सोडलेला कस) यांतून त्यातला काही भाग भागतो. जे युरियाचं नत्र पीक उचलत नाही ते नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतं किंवा वायू होऊन उडतं. उत्पादन आणि पर्यावरण यांचा मेळ शेतात बसतो तो याच हिशेबात.

दोन कार्डांमधली वही

एक कार्ड ही एका दिवसाची नोंद आहे. कल कळतो तो दुसऱ्या कार्डावरून. म्हणून दोन-तीन वर्षांनी त्याच गटात, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवर आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत परत तपासा. मधल्या काळात वहीत प्रत्येक हंगामाला उतारा आणि टाकलेलं नत्र लिहून ठेवा. एकरी १८ क्विंटल गहू ६० किलो नत्रावर आला तर किलोमागे ३० किलो दाणा. पुढे तोच १८ क्विंटल ७५ किलोवर आला तर किलोमागे २४. पाऊस-पाणी सारखं असताना हा आकडा घसरत असेल आणि कर्बही खाली जात असेल, तर पिकाच्या पद्धतीतच बदल करायची वेळ आली आहे.

ज्यांना त्या बदलासाठी सेंद्रिय शेतीकडे वळायचं आहे त्यांच्यासाठी परंपरागत कृषी विकास योजना आहे. ती एकट्या शेतकऱ्यासाठी नाही. साधारण २० हेक्टरचा गट लागतो आणि एका शेतकऱ्याला दोन हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद आहे, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट खात्यात येतात. उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीव्यवस्थेवर गटामार्फत खर्च होते. इथे मात्र आधार, सातबारा, आठ-अ आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा. गटात येण्याआधी जमिनीचं कार्ड काढून ठेवलं तर तीन वर्षांनी काय बदललं हे दाखवता येईल.

माती न्यायला निघालात की विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही सोबत घ्या. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि तोंडापर्यंत भरून बूच घट्ट लावा. बाटलीवर गट नंबर आणि तारीख लिहा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.