भीतीला कारण लागतं

एक लांबलचक टेबल, त्यावर जाड काच. अलीकडच्या अर्ध्या भागात काचेला चिकटूनच चौकड्यांचं कापड लावलेलं, तर पलीकडच्या अर्ध्या भागात तेच कापड ३० सेंटीमीटर खाली. रांगणारं बाळ त्यावर सोडलं की अर्ध्या वाटेत त्याला पुढे खड्डा दिसतो. हाताला मात्र काच लागते. टेबलाच्या त्या टोकाला आई उभी असते, जवळ एक खेळणं.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतल्या जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या बाळांच्या आयांना एकच काम दिलं होतं. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, फक्त चेहरा करायचा. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळांनी खड्डा ओलांडला. चेहरा घाबरलेला होता तेव्हा १७ पैकी एकाही बाळाने नाही.

हे आकडे बऱ्याच ठिकाणी सांगितले जातात. मला त्याच प्रयोगाचा दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. खड्डा काढून टाकल्यावर फार थोड्या बाळांनी आईकडे पाहिलं. ज्यांनी तिचा घाबरलेला चेहरा पाहिला, तीही जराशी घुटमळली आणि पुढे गेली. म्हणजे बाळ आईचं मुकाट्याने ऐकतं असं नाही. समोरच्या गोष्टीचा अर्थ लागेनासा झाला की मगच ते आईचा चेहरा वाचतं.

मोठी माणसं तरी वेगळं काय करतात? १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने टिपून ठेवल्या. गंगेचं पाणी गायब झालं, नेपाळच्या सीमेवरून मधुबनीकडे पूर येतोय, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा. गंमत अशी की जिथे धक्का जोरात जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथल्या लोकांतही या अफवा जोरात होत्या. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला यात एक सूत्र दिसलं. लोक घाबरलेले होते, पण आजूबाजूला घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग त्या भीतीला साजेसं संकट अफवेने पुरवलं. आपल्याकडची ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण जवळपास हेच सांगते. आधी भीती, मग राक्षस.

आता या दोन्हींच्या मधोमध आई उभी आहे. फोनवर ‘आज रात्री मोठा धक्का बसणार’ असा मेसेज आलाय, शेजारीण दारात येऊन तेच सांगतेय आणि कडेवरचं पोर आईच्या तोंडाकडे बघतंय.

अशा वेळी ‘चेहऱ्यावर दाखवू नकोस’ हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच उपयोगाचा. सारा वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की नापसंती दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे बोलून आलेल्या आईने बाळाला मांडीवर घेतलं की थोड्याच वेळात बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवरही ताण दिसू लागतो. बाळाने तर तो प्रसंग पाहिलेलाही नसतो. २०२० च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात सात ते अकरा वर्षांची मुलं होती. तिथे मनातला ताण गिळून बसलेल्या आयांच्या मुलांच्या शरीरात ताणाच्या खुणा आढळल्या. मुखवटा पोरांना फसवत नाही.

मग शांत राहायचं म्हणजे काय करायचं? पोराला खरं कारण द्यायचं, आणि त्याआधी ते स्वतःला मिळवायचं. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपत होते. ही भीती खोटी नव्हती. भिंतींना तडे जात होते.

त्या भागातल्या मुलाने ‘आवाज कसला?’ असं विचारलं तर त्याला खरं उत्तर आहे. हे धक्के जमिनीत फार खोलवर होत नाहीत. त्यामुळे भूकंपाच्या पहिल्या लाटेतली जलद कंपनं वाटेत विरून न जाता जमिनीपर्यंत पोचतात, तिथून हवेत शिरतात आणि आपल्या कानांना ऐकू येतात. म्हणून धक्का लहान असला तरी सुरुंग उडाल्यासारखा धडाम आवाज होतो. मेसेजमधल्या तारखेचं उत्तर तर त्याहून सोपं. अमुक दिवशी, अमुक वाजता भूकंप होईल हे आज जगातला कुठलाही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, त्यामुळे वेळ लिहिलेला प्रत्येक मेसेज खोटा. उद्या धक्का बसणारच नाही, असंही कुणी सांगू शकत नाही. तेव्हा ‘काही होणार नाही’ असं पोराला सांगू नये. ‘हललं तर आधी डोकं झाकायचं, थांबलं की अंगणात यायचं, मी तिथेच असेन’ हे मात्र सांगता येतं, आणि दिवसाउजेडी एकदा करूनही बघता येतं.