अतिसंवाहक चुंबकीय ऊर्जा साठवण

अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यात एकदिश प्रवाह खेळवून त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची पद्धत. पुरेशा कमी तापमानाला अशा तारेचा रोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह न घटता फिरत राहतो. प्रवाह दुप्पट केला, तर साठा चौपट होतो. फेरिए यांनी १९६९ मध्ये फ्रान्समध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा विजेच्या मागणीतले रोजचे चढउतार सांभाळणारे महाकाय वेटोळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. प्रत्यक्षात ही पद्धत कामाला आली ती चपळाईच्या जोरावर.

अमेरिकेतील टाकोमा उपकेंद्रात १९८३ मध्ये बसवलेला संच याचा उत्तम दाखला आहे. वायव्येकडील जलविद्युत कॅलिफोर्नियाला नेणाऱ्या हजार किलोमीटरहून लांब वाहिनीवर दोन टोकांची जनित्रे एकमेकांविरुद्ध झुलू लागत आणि वाहिनीतली शक्ती ०.३५ हर्ट्झने, म्हणजे तीन सेकंदांहून थोड्या कमी वेळात एकदा, वरखाली होई. झोके वाढत गेले, तर वाहिनी बंद पडण्याचा धोका होता. लॉस अलामॉस प्रयोगशाळेने त्यासाठी निओबियम-टिटॅनियमचे वेटोळे तयार केले. ते द्रवरूप हीलियममध्ये सुमारे ४.५ केल्व्हिनला ठेवलेले असे. त्यात मावणारी ऊर्जा ३० मेगाज्यूल, म्हणजे आपल्या वीजबिलावरची जेमतेम सव्वाआठ युनिटे! पण शक्ती १० मेगावॉट. या कंप्रतेच्या अर्ध्या झोक्यात सुमारे ९ मेगाज्यूल घेणे किंवा देणे पुरत असल्याने एवढा साठा भरपूर होता.

ही देवाणघेवाण घडवतो तो परिवर्तक, म्हणजे ग्रिडमधली प्रत्यावर्ती वीज आणि वेटोळ्यातली एकदिश वीज यांचे एकमेकांत रूपांतर करणारे उपकरण. त्यातील थायरिस्टर, म्हणजे अर्धसंवाहक स्विच, किती उशिरा चालू करायचे, यावर सारा खेळ असतो. चालू करण्याचा कोन (प्रत्यावर्ती लहरीच्या अंशांत मोजलेला हा उशीर) ९० अंशांखाली ठेवला की वेटोळे भरते. त्यापुढे नेला की व्होल्टेजची दिशा उलटते, प्रवाहाची दिशा तीच राहते आणि ऊर्जा ग्रिडकडे परत जाते. चंद्रपूर–पडघे एकदिश वाहिनीच्या टोकांनाही याच तत्त्वाचे परिवर्तक आहेत. मात्र थायरिस्टर परिवर्तक ग्रिडमधून प्रतिघाती शक्ती, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी शक्ती, ओढतो. आयजीबीटी या हवे तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या अर्धसंवाहक स्विचवर आधारलेल्या नव्या परिवर्तकांत ही अडचण नाही. ते सक्रिय आणि प्रतिघाती शक्ती स्वतंत्रपणे हाताळतात, म्हणून व्होल्टेज सावरायलाही उपयोगी पडतात.

खरी डोकेदुखी शीतकरणाची. वीज साठवलेली असो वा नसो, शीतयंत्र अखंड चालू ठेवावे लागते. तारेचा एखादा भाग किंचित तापला, तर तिथली अतिसंवाहकता जाते, रोधामुळे उष्णता वाढते आणि बिघाड वेटोळ्यात पसरतो. अशा वेळी साठलेली ऊर्जा बाहेरच्या रोधकात तातडीने रिकामी करावी लागते. टाकोमाचा संच फार काळ चालला नाही. त्या वाहिनीला समांतर असलेल्या एकदिश वाहिनीच्या नियंत्रणातूनही झोके शमवता येत होते.

जपानमध्ये कामेयामा येथील एलसीडी कारखान्यात क्षणिक व्होल्टेजघसरणीपासून बचावासाठी अशी यंत्रणा वापरली गेली. भारतात कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर (व्हीईसीसी) या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेने या क्षेत्रात काम केले आहे. सौरऊर्जा तासन्‌तास साठवण्याचे काम मात्र लिथियम बॅटऱ्यांकडे गेले आहे आणि ते योग्यच आहे.